शिरवाळे, वळेसर आणि वृषणाची स्लाइड

आबोली

रत्नागिरीजवळ एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये एकवीस वर्षं मी तुकडे कापते. सर्जनने काढलेला अवयव फॉर्मॅलिनच्या बरणीत आमच्याकडे येतो. त्यातले निवडक भाग मेणात बसवायचे, पाच मायक्रॉनचे काप काढायचे, रंगवायचे आणि काचेवर चढवून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायचे, हे माझं काम. निदान डॉक्टर करतात. पण इतकी वर्षं त्याच भिंगातून बघितल्यावर डोळा तयार होतोच.

परवा भाचा बारावीचं जर्नल घेऊन आला. 'वृषणाचा आडवा छेद' अशी आकृती, कंपासने काढल्यासारखी गोल गोल वर्तुळं. मी विचारलं, "ह्या किती नळ्या आहेत रे?" त्याने मोजल्या. "अकरा." म्हटलं, "अकरा नसतील. दोन असतील, कदाचित एकच असेल." तो माझ्याकडे मावशीचं डोकं फिरलंय अशा नजरेने बघत राहिला. तेव्हा त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितेय. मोठ्यांनाही हे ठाऊक नसतं, आणि त्यापायी काय काय होतं तेही मी बघितलंय.

शिरवाळे सगळ्यांनी खाल्ले असतील. साच्यातून पाडलेला तो तांदळाच्या शेवयांचा गुंतवळ डोळ्यांसमोर आणा आणि त्याच्या मधोमध सुरी फिरवा. कापलेल्या बाजूला काय दिसेल? वर्तुळं. काही पूर्ण गोल, काही लांबट, एखादं केळ्यासारखं वाकलेलं. शिरवाळा एकच, पण वळणं घेत सुरीच्या वाटेत दहादा आलेला. वृषणाचंही तसंच आहे. बाहेरून जाड, पांढरं, चिवट वेष्टण, आत पातळ पडद्यांनी पाडलेले साधारण अडीचशे कप्पे, आणि एकेका कप्प्यात एक ते चार नळ्या कोंबलेल्या. एक नळी उलगडली तर तीस ते सत्तर सेंटीमीटर भरते. जाडी मात्र मिलिमीटरचा पाचवा हिस्सा. शुक्राणू ह्याच नळ्यांच्या भिंतीत तयार होतात.

आता एकाच वर्तुळात शिरा. नळीच्या काठाशी गडद, गोल केंद्रकांच्या पेशी, त्या बीजपेशी. त्यांच्या विभाजनातून निघालेल्या पेशी पायरीपायरीने आत सरकतात, आणि नळीच्या मधल्या पोकळीशी शेपटीवाले शुक्राणू लागतात. म्हणजे काठ ते मध्य हे नुसतं अंतर नाही, तो काळ आहे. काठावरची पेशी पोकळीपर्यंत यायला सव्वादोन-अडीच महिने घेते. कॅलेंडर गुंडाळून उभं कापावं, तशी ती भिंत.

मला सगळ्यात आवडतं ते पुढे. ह्या पेशी विभागल्या तरी पूर्ण सुट्या होत नाहीत. एकीतून दुसरीत जाणारा पेशीरसाचा बारीक पूल राहतो, त्यामुळे एकाच पेशीची पिलावळ एका दोऱ्यात ओवल्यासारखी, एका तालात वाढते. माझं इथलं नाव आबोली, तेव्हा मला वळेसर, आबोलीचा ओवलेला गजरा, आठवणारच. आमच्या साध्या स्लाइडवर मात्र तो दोरा दिसत नाही, फुलं दिसतात.

आणि ह्या सगळ्यांना सांभाळणारी सर्टोली पेशी. काठापासून पोकळीपर्यंत उंच, पण तिची कड कुठेच धड दिसत नाही, कारण अंगाखांद्यावर वाढत्या पेशी चिकटलेल्या. ओळखायची ती फिकट, काहीसं तिकोनी केंद्रक आणि त्यातला ठसठशीत ठिपका बघून. भरल्या घरातली थोरली जाऊ जशी, कामावरून कळते, दिसत नाही. शेजारच्या सर्टोली पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जखडलेल्या असतात की रक्तातला वाटेल तो पदार्थ आत जाऊ शकत नाही. तसं नसतं तर शरीराच्या पहारेकऱ्यांनी शुक्राणूंना परके समजून धरलं असतं. ते तयार व्हायला लागतात वयात आल्यावर, आणि तोवर पहाऱ्याची ओळखीच्यांची यादी पक्की झालेली असते.

वर्तुळांच्या मधल्या तिकोनी फटींत गुलाबी, गुबगुबीत पेशींचे पुंजके दिसतात. त्या लायडिग पेशी. टेस्टोस्टेरॉन त्या बनवतात, नळ्या नाही. हे वाक्य नीट वाचा, कारण 'शुक्राणूंचा रिपोर्ट शून्य आला म्हणजे पुरुषपण गेलं' हा घोळ इथेच होतो. शुक्राणूंचा कारखाना नळीत, दाढी-मिशी, आवाज आणि इच्छेचा कारखाना फटीत. एक बंद असून दुसरा झकास चालू, असं मी कितीतरी स्लाइडींवर बघितलंय.

वीर्यतपासणीत शून्य आलेल्या माणसाच्या वृषणाचा तांदळाएवढा तुकडा कधीकधी आमच्याकडे येतो. माझ्या हातून गेलेल्या एका स्लाइडवर नळ्या शुक्राणूंनी खचाखच होत्या. कारखाना जोरात, रस्ता पुढे कुठेतरी बंद. तोवर आठ वर्षं त्या घरातल्या सुनेचे उपास, नवस आणि तपासण्या झाल्या होत्या. नवऱ्याची पहिली तपासणी आठव्या वर्षी. बाकी काही सांगत नाही, सांगायचं नसतं.

मी नोकरीला लागले तेव्हा असली बरणी आली की सिनियर ती आपल्याकडे ओढायचे, "हे तुला नको, मी करतो." वर्षभराने त्यांनी ओढायचं सोडलं. माझे काप त्यांच्यापेक्षा पातळ येत होते.

वृषणाला लागून असलेलं अधिवृषण आणि प्रोस्टेट, ह्यांबद्दल कुणी विचारलं तर लिहीन. मे महिना आहे, मेण मऊ पडतंय, बर्फाच्या ट्रेवर ठोकळे ठेवून काम चाललंय. मासळीवाल्या आणि आम्ही, दोघींचा जीव बर्फात.

तिरफळ

ताई, माका ह्यातला निम्मा समाजला, निम्मा नाय. पण आवस आज रस-शिरवाळे करता हा, आणि आता ते खातलंय कसो?

देवरुखी

सुंदर धागा. आम्ही बी.एस्सी.ला उंदराची स्लाइड बघायचो. अधिवृषणाबद्दल लिहाच. तिथल्या पेशींना लांब केस असतात ते सिलिया ना? ते हलून शुक्राणू पुढे ढकलतात असं सरांनी सांगितल्याचं आठवतं.

आबोली

@तिरफळ, रस गूळ घालून केला असेल तर डोळे मिटून खा.

@देवरुखी, तिथेच सगळे फसतात. वृषणातून निघालेल्या दहा-वीस बारीक नळ्या अधिवृषणात शिरतात, त्यांना खरे हलणारे सिलिया असतात. त्या कापल्या की पोकळीचा काठ लाटालाटांचा दिसतो, कारण उंच आणि बुटक्या पेशी आळीपाळीने. त्यानंतर मात्र सगळं मिळून एकच नळी होते, सुमारे सहा मीटर, पाच सेंटीमीटरच्या जागेत गुंडाळलेली. तिच्या पेशींवरचे लांब केस अजिबात हलत नाहीत. ते पृष्ठभाग वाढवायला, पाणी आणि कचरा शोषून घ्यायला. नाव 'स्टिरिओसिलिया' पडलंय म्हणून गोंधळ. पुढे ढकलण्याचं काम भिंतीतले स्नायू करतात. स्लाइडवर ह्या नळीचा काठ एकदम गुळगुळीत गोल आणि पोकळीत शुक्राणूंचा गठ्ठा. एकदा बघितलात की विसरणार नाही.

वृषणातून निघालेल्या शुक्राणूला शेपटी असते, पण पोहता येत नाही. ते तो ह्या सहा मीटरच्या वाटेत शिकतो. खाडीत न बुडवता पोरांना पोहायला शिकवावं, तसं काहीसं.

ऱ्हस्वदीर्घ

लेख माहितीपूर्ण. दोन सूचना. 'स्लाइडींवर' नव्हे, 'स्लाइड्सवर'. आणि 'प्रोस्टेट'ला पुरःस्थ ग्रंथी हा शब्द असताना तो का वापरू नये?

अवांतर: डच वैद्य रेनिए द ग्राफ याने १६६८ मध्ये पुरुष जननेंद्रियांवर ग्रंथ लिहिला. वृषण म्हणजे नुसता मगज नसून बारीक नळ्यांचा गुंता आहे, हे त्याने खारीसारख्या एका छोट्या प्राण्याचं वृषण पाण्यात उलगडून दाखवलं. महाराज आग्र्याहून निसटून तेव्हा दोन वर्षं झाली होती. शुक्राणू लेव्हेनहूकला दिसले त्यानंतर, १६७७ मध्ये. म्हणजे नळी आधी सापडली, तिच्यातला माल नंतर.

आबोली

@ऱ्हस्वदीर्घ, आमच्या लॅबमध्ये 'पुरःस्थ' म्हटलं तर बरणी कुणी उचलणार नाही, म्हणून प्रोस्टेट. स्लाइडी मात्र आम्ही स्लाइडीच म्हणतो, मेणाच्या ठोकळ्याला ब्लॉक आणि कापांच्या पट्टीला रिबन. द ग्राफची गोष्ट माहीत नव्हती. भाच्याला सांगते, त्याचं समाधान होईल.

खाजणबगळा

मी एमडी पॅथॉलॉजी, आता निवृत्त, मुक्काम गुहागर तालुका. टेक्निशियनने लिहिलेलं इतकं अचूक क्वचित वाचायला मिळतं. थोडी भर घालतो.

सव्वादोन-अडीच महिने हा आकडा आला कुठून? हेलर आणि क्लेरमाँ यांनी १९६० च्या दशकात स्वेच्छेने पुढे आलेल्या पुरुषांवर केलेल्या प्रयोगातून. किरणोत्सारी खूण केलेला थायमिडीन हा पदार्थ विभागणाऱ्या पेशींत शिरतो. ठरावीक दिवसांनी बायोप्सी घेऊन ती खूण भिंतीत किती आत सरकली ते त्यांनी पाहिलं. भिंतीच्या एकाच जागेवरून पेशींची नवी तुकडी निघण्याचं एक चक्र १६ दिवसांचं निघालं, पूर्ण वाटचालीला साडेचारहून थोडी जास्त चक्रं, म्हणून ७४ दिवस. मोजणी थोडी पुढच्या टप्प्यापासून धरली तर ६४. पुस्तकात दोन्ही दिसतात, भांडू नका.

उंदराच्या नळीचा एक काप घेतला तर सगळीकडे एकच टप्पा चालू असतो. माणसात तसं नाही, एकाच वर्तुळात दोन-तीन टप्पे गोधडीच्या ठिगळांसारखे शेजारी शेजारी. विद्यार्थी उंदराची आकृती घोकून येतो आणि माणसाची स्लाइड बघून घाबरतो.

सर्टोलीने ही पेशी १८६५ मध्ये वर्णन केली, तेव्हा तो २३ वर्षांचा होता. लायडिगचं वर्णन त्याच्याही आधीचं, १८५० चं. लायडिग पेशीत कधी कधी सळईसारखे स्फटिक दिसतात, राइंकेचे स्फटिक. ते नेमके कशासाठी, हे परीक्षेत विचारत नाहीत, कारण परीक्षकालाही सांगता येत नाही.

शून्य रिपोर्टबद्दल. सुरीआधी बऱ्याच गोष्टी कळतात. वीर्याचा बराचसा भाग प्रोस्टेटमागच्या शुक्राशय ह्या ग्रंथीतून येतो आणि त्यातली फ्रुक्टोज ही साखरही तिथलीच. काही पुरुषांत शुक्रवाहिनी, म्हणजे अधिवृषणातून शुक्राणू पुढे नेणारी नळी, जन्मतःच तयार झालेली नसते, सोबत बहुधा शुक्राशयही नसतं. मग वीर्य अगदी कमी, आम्लधर्मी आणि फ्रुक्टोजशिवाय. रक्तातला एफएसएच, म्हणजे वृषणाला कामाला लावणारा हार्मोन, खूप वाढलेला असेल तर कारखान्यातच गडबड असण्याचा संभव जास्त. आणि शुक्रवाहिनी आहे की नाही हे अनुभवी डॉक्टरला हातानेच कळतं, ती बोटाला ताणलेल्या जाड दोरीसारखी लागते. भिंतीत स्नायूंचे तीन थर आणि मधे जेमतेम सुईएवढी पोकळी, म्हणून.

बंदरावरचा

मी मिरकरवाड्याकडचा, होडी आमची. वरचं सगळं माणसाचं झालं. पण बांगडा फाडला की कधी अंड्यांची पिवळसर गाबोळी निघते, कधी पांढरीशुभ्र मऊ पट्टी. पोट दाबलं की दुधासारखं येतं. ते हेच ना? त्यातही नळ्या असतात काय?

खाजणबगळा

हो, ती पांढरी पट्टी म्हणजे नर बांगड्याचं वृषण. पण रचना वेगळी. हाडांच्या माशांत सर्टोली पेशी एका पेशीच्या पिलावळीभोवती पिशवी करतात आणि त्या पिशवीतले सगळे एकाच वेळी पिकतात. स्लाइडवर एक पिशवी पूर्ण कच्ची, शेजारची पूर्ण पिकलेली. आपल्यासारखी काठाकडून मध्याकडे उतरंड नाही. अधिवृषणही नाही. शुक्राणू थेट पाण्यात, आणि खाऱ्या पाण्याचा स्पर्श झाला की पोहायला लागतात. आपल्याला सहा मीटर लागतात ते त्यांचं एका क्षणात.

आणखी गंमत. आपल्या शुक्राणूच्या डोक्यावर अंड्याचं कवच भेदायला टोपी असते. बहुतेक हाडांच्या माशांत ती नसते, कारण अंड्यालाच एक बारीक भोक ठेवलेलं असतं. मुशी, म्हणजे शार्क, मात्र माशांत वेगळी. तिच्यात आतल्या आत फलन होतं, नराच्या पोटाखाली दोन दांड्या लोंबतात त्या त्यासाठी. कुर्लीच्या शुक्राणूला तर शेपूटच नाही. आणि कालवांत पुष्कळशी आधी नर असतात, मोठी झाली की मादी.

बंदरावरचा

त्या दांड्या बघून आम्ही लहानपणी मुशीला पाय फुटलेत म्हणायचो. कालवांचं बायकोला सांगितलं, तिला फार आवडलं.

एक खरा प्रश्न. पोटापाण्याला इंजिनच्या खोलीत दिवस दिवस जातात. तिथे उकाडा म्हणजे भट्टी. त्याचा परिणाम होतो असं पोरं म्हणतात. खरं का?

आबोली

खरं आहे, पण घाबरायचं कारण नाही. वृषण शरीराबाहेरच्या पिशवीत आहे ते ह्यासाठीच, आतल्यापेक्षा दोन-तीन अंश थंड राहायला. वृषणाकडे जाणाऱ्या गरम धमनीभोवती परतणाऱ्या शिरांचं जाळं वेलीसारखं गुंडाळलेलं असतं, ते रक्त वाटेतच निववतं. कायमचा उकाडा, किंवा चार दिवसांचा कडक ताप, ह्याने शुक्राणूंचं काम मंदावतं. लायडिग पेशींना त्याचा तितका त्रास नाही.

पण महिन्यांचा हिशेब लक्षात ठेवा. आज ताप आला तर वीर्यात घट दिसेल ती पुढच्या महिना-दोन महिन्यांत. आणि आज तपासायला दिलेला नमुना हा गेल्या तीन महिन्यांची कहाणी सांगतो. एक रिपोर्ट वाईट आला की लोक लगेच ज्योतिषाकडे नाहीतर बाबाकडे जातात, आणि तीन महिन्यांनी आपोआप सुधारला की श्रेय त्याला. मासेमारीची पावसाळी बंदी संपायच्या सुमारास तपासून बघा. दोन महिने होड्या वर असतात, इंजिनही थंड.

अनामिक

नाव देत नाही. नसबंदी करून दीड महिना झाला. डॉक्टरांनी सांगितलंय की तपासणी होईपर्यंत दुसरं साधन वापरा. नळी कापली तर मग वाट कसली बघायची? बायको म्हणते डॉक्टर पैसे काढतोय.

खाजणबगळा

डॉक्टर बरोबर आहेत. पाटाचं पाणी वरून बंद केलं तरी खालच्या भागातलं ओसरायला वेळ लागतो. कापाच्या पुढच्या भागात शुक्राणू उरलेले असतात. साधारण तीन महिने आणि वीसेक वेळा वीर्यस्खलन झाल्यावर नमुना तपासून शून्य आला की मगच निर्धास्त. काढलेला तुकडाही सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतो. शुक्रवाहिनीच कापली गेली की चुकून शेजारची रक्तवाहिनी, हे त्या तीन थरांच्या जाड भिंतीवरून आणि चांदणीसारख्या पोकळीवरून कळतं. आणि हो, टेस्टोस्टेरॉन रक्तातून जातं, ह्या नळीतून नाही. अशक्तपणाबिशक्तपणा काही येत नाही.

अनामिक

बायकोला दाखवलं. आभार.

देवरुखी

प्रोस्टेट राहिलं. सासऱ्यांचं ऑपरेशन झालं दुर्बिणीतून, रिपोर्टात 'कॉर्पोरा अमायलेसिया' असं काही लिहिलंय. कॅन्सर नाही म्हणाले, पण हा शब्द बघून घरात कुणी जेवलं नाही.

आबोली

जेवा. ती ग्रंथींच्या पोकळीत साठलेली गुलाबी गोळी असते, आत वर्तुळात वर्तुळ, कांद्याच्या चकतीसारखी. वय वाढेल तशा वाढतात. स्लाइडवर त्या दिसल्या की आम्ही टेक्निशियनसुद्धा ओळखतो, 'हे प्रोस्टेटच'. दुर्बिणीच्या ऑपरेशनमधून प्रोस्टेट अखंड येत नाही, खवलेल्या खोबऱ्यासारखे तुकडे येतात. ते वजन करून मेणात बसवायचे, संध्याकाळ जाते.

खरा फसवा अवयव शुक्राशय. त्याचा आतला थर इतक्या घड्या घालतो की मधमाश्यांचं पोळंच वाटतं. म्हाताऱ्या माणसात तिथल्या काही पेशींची केंद्रकं अक्राळविक्राळ होतात, नवशिक्याला वाटतं कॅन्सर. पण पेशीत सोनेरी-तपकिरी कण दिसले की जाणकार हसतो. आमच्याकडे एकदा प्रोस्टेटच्या सुईच्या बायोप्सीत शुक्राशयाचा चिमुकला भाग आला होता. शिकाऊ डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडला. मोठ्या डॉक्टरांनी दहा सेकंद बघितलं आणि चहा मागवला.

ऱ्हस्वदीर्घ

एक तांत्रिक शंका. सगळे अवयव फॉर्मॅलिनमध्ये येतात म्हणालात. वृषणही?

आबोली

मोठं वृषण येतं तसंच. पण वंध्यत्वाच्या तपासणीचा तांदळाएवढा तुकडा बुआँच्या द्रावणात यावा लागतो, पिक्रिक आम्ल, फॉर्मॅलिन आणि ॲसेटिक आम्ल. फॉर्मॅलिनमध्ये नळ्या आकसतात, पेशी भिंतीपासून सुटतात, मग कुठली पायरी कुठे ते कळत नाही. बुआँमध्ये केंद्रकं रेखीव राहतात. तुकडा हळदीत बुडवल्यासारखा पिवळाजर्द होतो, बोटंही. एका ठिकाणाहून एकदा असा तुकडा सलाइनमध्ये आला, तोही दुसऱ्या दिवशी. स्लाइड केली, पण ती बघण्यासारखी नव्हती. त्या माणसाला परत भूल, परत टाके. फोनवर मी जरा जास्तच बोलले, नंतर मला समज मिळाली. मिळू दे.

पिक्रिक आम्ल कोरडं पडलं तर स्फोटक असतं, म्हणून बाटलीत त्यावर पाणी ठेवतात. शाळांच्या जुन्या कपाटात कुणाला पिवळी, सुकलेली बाटली दिसली तर हात लावू नका, झाकण फिरवू नका, सरळ जाणकाराला बोलवा.

तिरफळ

शिरवाळे खाल्ले. चार. पयलो घास तेवढो कठीण गेलो.

देवरुखी

सासरे जेवले. भाच्याच्या जर्नलचं काय झालं?

आबोली

त्याने आकृती परत काढली. तीन वर्तुळं लांबट, एक केळ्यासारखं, मधल्या फटीत लायडिगचे पुंजके. मी खूश. जर्नल परत आलं तेव्हा लाल शाईत शेरा होता, 'नलिका गोल काढाव्यात.' त्याने आता पुसून गोल केल्यात. मार्क महत्त्वाचे, म्हणाला.

बंदरावरचा

ताई, मुलाच्या शाळेत एक जुना सूक्ष्मदर्शक पडून आहे. त्यातून सगळं धुरकट दिसतं, आत कोळिष्टकासारखं काहीतरी. दुरुस्त होईल का?

आबोली

बुरशी आहे ती, भिंगावरची. आपल्याकडच्या पावसात ठरलेली. वरवर असेल तर भिंगाच्या कागदाने आणि द्रावणाने निघते, आत शिरली असेल तर कारागीरच हवा. पुढच्या पावसाआधी घट्ट झाकणाच्या डब्यात निळी सिलिका जेल घालून त्यात भिंगं ठेवायला सांगा. ती गुलाबी झाली की तापवून परत निळी करायची, पण जुन्या तव्यावर. घावन्यांच्या नको.